पत्र्यावरचा वाघ

बाबा गिलासाकडे हात नेतात
तेव्हा बोटं आधीच गोल होतात, नेमकी गिलासाएवढी.
चहाचा थेंब सांडत नाही.
पण "हे काय आहे बाबा?" विचारलं
की गिलास उन्हात धरून वाचायला लागतात,
परकी लिपी असावी तसा:
"वरून उघडं हाय. चकाकते. बूड रुंद."
मग ओठाला कढत काठ लागतो आणि हसतात,
"गिलास होय वो माय."

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी
रिपोर्टच्या पाठीवर पेनानं एक डोकं काढलं होतं.
डोळ्यांत शिरलेलं सगळं आधी पार मागे जातं, म्हणाल्या,
मानेच्या जरा वर.
तिथे नुसत्या रेघा. उभी, आडवी, तिरपी,
एकेकीवर एकेक राखणदार बसलेला.
तिथून दोन वाटा फुटतात.
वरची सांगते कुठे आहे, हात कसा न्यायचा.
खालची कानामागून कानशिलाकडे येते,
येता येता रेघांचे कोपरे होतात, कोपऱ्यांच्या वस्तू,
आणि पुढे काही बोराएवढ्या जागा
फक्त चेहऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या.
"हे आम्हाला माकडांनी शिकवलं,"
असं म्हणत खालच्या वाटेवर
डाव्या-उजव्या दोन्हीकडे त्यांनी फुली मारली.
बाबा कागद न्याहाळत होते.
"रेघ कापरी हाय," एवढंच बोलले.
डोकं आहे हे त्यांना कळलं नव्हतं.

वरूड ते मोर्शी, चाळीस वर्षं
खताच्या दुकानांवर कणसं,
सलूनच्या दारांवर भांग पाडलेले हिरो,
लग्नघराच्या भिंतींवर नवरा-नवरीची नावं
देवमन पेंटर.
आता मी दारातूनच सांगते, "मी सुकेशनी."
मग माझा चेहरा जागेवर येऊन बसतो.
एकदा गंमत म्हणून बोलले नाही.
पुन्हा तशी गंमत केली नाही.

उकंडरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं.
"वांदरं आंबिया बहार ठेवत नाहीत पेंटर,
पत्र्यावर एक वाघ काढून द्या."
मी वनखात्याच्या कॅलेंडरवर चौकटी पाडल्या,
तेवढ्याच पत्र्यावर.
बाबांनी एकेक घर भरत नेलं.
सोळाव्यात केशरी, त्यावर दोन काळे पट्टे.
तेविसाव्यात पिवळं, मधोमध काळा ठिपका.
त्या ठिपक्याला पांढरा कण देताना
त्यांनी श्वास रोखून धरला,
डोळा काढताना पूर्वी धरायचे तसाच.
कशाचा, ते मी सांगितलं नाही.
ते विचारतही नव्हते.

बांधावर पत्रा उभा केला तेव्हा
दिवस पुरता वर आला नव्हता.
कळप कडुनिंबावरून उतरत होता, शेपट्या लोंबत,
पोटाशी पिल्लं,
पुढे काळ्या तोंडाचा म्हातारा हुप्या.
तो थबकला.
त्याच्याही मागच्या अंगाला रेघा पोचल्या असतील,
कानामागच्या वाटेनं धावल्या असतील,
निमिषभरात.
खॅक्! खॅक्!
सगळं झाड एकदम वर सरकलं.

बाबांनी मान कलती केली.
तरुणपणी मेळघाटात रोपवनाच्या कामावर
असा आवाज आला की बायामाणसं कुदळी टाकून
एका जागी गोळा व्हायची.
पत्र्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हात ठेवून,
हळूच, जणू कोणी झोपलंय,
"वाघ काढला का वो मी?"

हो म्हणायला मला वेळ लागला.

त्या रात्री म्हणाले,
"तुह्या फोटोवर चौकटी पाडून दे."
मी सकाळी पाडल्या. नाकावरून एक रेघ जात होती.

चौथ्या दिवशी उकंडराव चिडून आले.
वांदरं पत्र्यावर बसून संत्री सोलतात,
एका पिल्लानं वाघाच्या मिशीवर मुतून ठेवलंय.
पैसे मागत नव्हते, पण सांगत मात्र फार वेळ होते.
बाबा ब्रश रॉकेलमध्ये बुडवत होते.
"मंग बरोबर हाय," म्हणाले,
"त्याहिले आता पत्रा ओळखू येते."